सावळगडच्या पायऱ्यांवरचं शेवाळ

"टाक्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ देवीचं आहे. त्याला हात लावायचा नाही, आणि का म्हणून विचारायचंही नाही!"

सावळगडावर हा नियम बायका मुकाट्याने पाळत आणि पाणी भरताना धडाधड पडत. एके दिवशी धुरपाचा पाय मोडला, तेव्हा तिची पुतणी ठकू, माळ्याची मुलगी, तडक राजाच्या सदरेवर आली.

"महाराज, पायऱ्या घासू द्या. आणखी किती हाडं मोडायची?"

कारभारी विसाजीपंत कडाडले, "फार शहाणी! वडीलधारे वेडे होते काय?"

"वडीलधारे पाणी भरत नव्हते, पंत!"

राजाला गंमत वाटली. पण हट्टी तो! म्हणाला, "माझा सोनचाफा सुकतोय. टाक्यातलं पाणी आणून त्याला घाल. पण घागर, पखाल, कापड, पान, ओंजळ, काही वापरायचं नाही. जमलं तर पायऱ्या घास. नाही जमलं तर वर्षभर वाड्याचं पाणी तू एकटीने भरायचं!"

म्हणजे त्याच पायऱ्यांवरून! पंत मिशीत हसले.

ठकू खुरपं घेऊन गेली. घटकाभराने परतली ती खांद्यावर हिरव्यागार गोधड्या टाकून, नखशिखांत निथळत! चाफ्याशी बसून तिने एकेक गोधडी पिळली. आळं काठोकाठ भरलं.

राजा उठलाच. "हे काय?"

"शेवाळ, महाराज! याला खोल मुळं नसतात, खुरपं लावलं की चटईसारखं सुटतं. उन्हाळ्यात मेल्यासारखं वाळतं, पाणी लागलं की पुन्हा हिरवं. आणि टाक्यात बुडवलं की पाणी पितं किती! बाबा परगावी कलमं पाठवतात, ती रानातल्या ओल्या शेवाळात गुंडाळूनच. फक्त पायाखाली नको!" पिळलेलं शेवाळ तिने चाफ्याच्या बुंध्याशी दाबून बसवलं. "आता मुळं लवकर सुकायची नाहीत."

"नियम मोडला!" पंत ओरडले. "देवीचं शेवाळ खरवडलं हिने!"

"मग हे घ्या, परत चिकटवून या. उतरताना जपून हं, पंत. निम्म्या पायऱ्या अजून हिरव्याच आहेत!"

राजा पोट धरून हसला. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. "शाबास! उरलेल्या पायऱ्या गडी घासतील."

"कडं घेते, काकूला हाडवैद्याकडे न्यायचंय. पण गडी नकोत, महाराज. ज्यांनी नियम पाळायला लावला, त्यांनीच घासायचं. पहिली पायरी पंतांची!"

राजाने पुन्हा खदखदून हसत मान डोलावली. सदरेवरचे सगळे वडीलधारे मात्र आपापल्या पायांकडे बघू लागले.