रायाजीच्या मापाची घरं

फार फार मागची गोष्ट आहे, मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो. तेव्हा घर बांधण्याआधी त्यात राहणाऱ्या माणसाला विचारत असत.

त्या काळी एका राज्यात एक रीत होती. भिंती उभ्या राहिल्या की दाराच्या मोकळ्या जागेपाशी येऊन गवंडी ओरडायचा, "माणूस उभं करा!" मग त्या घरातलं सगळ्यांत उंच माणूस तिथे येऊन उभं राही. त्याच्या डोक्यावर रोज घागर असेल तर घागर, पाटी असेल तर पाटी ठेवत. गवंडी वर एक वीत सोडून गेरूची खूण करी आणि तिथे चौकट बसे.

त्या राज्यात रायाजी नावाचा एक ठेकेदार होता. हाताखाली चांगले गवंडी, कामाला पक्का, पण डोकं चुलीवर ठेवलेलं. घरधन्यांचा त्याला भयंकर संताप यायचा. खिडकी उगवतीला हवी, चूल इकडे नको, आजीला पायरी चढवत नाही! एकदा एका घरधन्याने बसवलेली चौकट काढायला लावली. म्हणाला, "थोरला अजून वाढतोय हो, आणखी चार बोटं वर घ्या." रायाजीने हातातली थापी चिखलात फेकली.

"बस्स! यापुढे घर आधी, माणूस मागाहून. मी बांधणार, मी विकणार. ज्याला हवं त्याने घ्यावं!"

त्याच सुमारास राजाने नदीपलीकडे नवी पेठ वसवायचं ठरवलं. कारागिरांनी जुनी वस्ती लवकर सोडावी, असा हुकूम निघाला. रायाजीने लगेच पेठेत घरांची एक लांब ओळ बांधायला घेतली. मध्ये बोलायला घरधनी नव्हता, त्यामुळे काम झरझर पुढे सरकलं.

चौकटी बसवायची वेळ आली तेव्हा म्हातारा गवंडी सिद्राम सवयीने ओरडला, "माणूस उभं करा!"

कोण उभं राहणार? घराला माणूसच नव्हतं.

"मी आहे ना!" म्हणत रायाजी दारात जाऊन उभा राहिला.

रायाजी जेमतेम सिद्रामच्या खांद्याला लागत होता. गवंड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सिद्राम खाकरला. "मालक, जरा वर घेऊ का?"

"का? मी माणूस नाही?"

सिद्रामने गेरू उचलला. रायाजीच्या डोक्यावर एक वीत सोडून खूण केली. सगळ्या ओळीतल्या सगळ्या चौकटी रायाजीच्या मापाच्या बसल्या.

कारागीर बैलगाड्या भरून आले. दारातून वाकून आत गेले, वाकून बाहेर आले आणि कुरकुरले. रायाजी छाती काढून म्हणाला, "देवळात शिरताना वाकता ना? घर म्हणजे देऊळच की!" गाड्यांवर लेकरं रडत होती आणि मागची घरं सुटली होती. लोकांनी मुकाट्याने घरं घेतली. रायाजी खूश झाला. हाती आलेलं सगळं त्याने तशाच दुसऱ्या ओळीत घातलं. ती विकली गेली नाही तर त्याच्याकडे काहीच उरणार नव्हतं.

इकडे पहिल्या ओळीत रोज कपाळं फुटू लागली. टेंगळाला तिथे कुणी टेंगूळ म्हणेना. "काय गं, आज कपाळावर रायाजी आला वाटतं?" "एक नाही बाई, दोन रायाजी आलेत. एक भरल्या घागरीसकट!" असं म्हणत ओळीतल्या बायका हसत होत्या, पण दातओठ खात हसत होत्या.

त्याच ओळीत भागूबाई कासारीण राहायची. एके दिवशी भांडी घ्यायला गिऱ्हाईक आलं म्हणून तिचे सासरे लगबगीने बाहेर निघाले. चौकट कपाळावर बसली आणि ते मागच्या मागे पडले. शुद्धीवर आले, पण सून ओळखू येईना. तांब्यावर ठोके मारत आयुष्य काढलेला माणूस हातातल्या हातोडीकडे बघून विचारू लागला, "हे काय आहे?"

भागूबाई तडक दुसऱ्या ओळीवर गेली. तिथे गवंडी काम करत होते आणि रायाजी त्यांच्यावर ओरडत होता.

"रायाजी, माझी चौकट उंच करून द्या."

"विकलेलं घर तुमचं, बाई. म्हाताऱ्याला वाकायला शिकवा."

"तुमच्या फळीपुढे वाकायचं त्यांनी?"

"उंच माणसांना भारी मिजास असते!"

"आणि बुटक्यांना?"

थाप्या जागच्या जागी थांबल्या. हे आजवर रायाजीच्या तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं.

"उंची देवाने दिली, तिला मी नावं ठेवत नाही," भागूबाई म्हणाली. "पण माप तुम्ही दिलंत." मग ती सिद्रामकडे वळली. "आणि तू रे? तुझी जीभ कुठे गेली होती?"

"पोट आहे, बाई," सिद्राम पुटपुटला.

"माझ्या मामंजींना कपाळ होतं."

ती घरी गेली आणि पहार घेऊन चौकटीवर घाव घालू लागली. रायाजी धावत आला. "अगं, भिंत येईल अंगावर!"

"येऊ दे. निदान उभ्याने मरेन."

सिद्राम मागून पळत आला. त्याने भिंतीला लाकडी टेकू दिला, तिच्या हातातून पहार घेतली आणि वरचा भाग नीट सोडवला. भिंत हलली नाही. मग तो उभ्या ओळीला ऐकू जाईल असा ओरडला, "माणूस उभं करा!"

शेजारच्या दोघांनी दोन्हीकडून धरून म्हाताऱ्याला दारात उभं केलं. सिद्रामने वर एक वीत सोडून गेरूची खूण केली. पुढे घरोघरी तेच झालं.

थोड्याच दिवसांत विणकरांचा जथा पेठेत आला. त्यांना दुसरी ओळ पसंत पडली. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "सगळी घरं घेतो, ठेकेदार. आम्ही मापाला उभे राहतो, तेवढ्या चौकटी वर घ्या."

"सोपं काम आहे, मालक," सिद्राम हळूच म्हणाला. "फक्त हो म्हणा."

रायाजीने दारांकडे पाहिलं. प्रत्येक दारात एकेक विणकर उभा होता आणि प्रत्येकाचं तोंड चौकटीच्या फळीआड गेलं होतं. नुसती धडं दिसत होती. आता गेरूची नवी खूण जुनीच्या वर उमटणार, आणि दोन्हींमधलं अंतर सारी पेठ बघणार. कुणीही हसलं नाही. रायाजीला मात्र हसणं ऐकू आलं.

"चालते व्हा!" तो किंचाळला. "घ्यायचं तर जसं आहे तसं घ्या! माझ्या चौकटीला हात लागणार नाही!"

विणकर गेले. त्यांनी पलीकडच्या माळावर आपली घरं बांधायला घेतली. सिद्रामही त्यांच्याकडे गेला. दिवसभर तिकडून त्याची हाक ऐकू यायची, आणि ती आली की रायाजी कानांवर हात ठेवायचा.

दुसरी ओळ तशीच राहिली. पावसांनी भिंती खाल्ल्या, छपरं खचली. रायाजी त्यातल्याच एका घरात राहू लागला. त्याला मात्र कुठलंच दार लागलं नाही. ताठ मानेने तो या घरातून त्या घरात जायचा, आणि सावलीला येऊन बसलेल्या शेळ्यांना शिव्या घालत हाकलायचा. त्या पुन्हा यायच्या. त्या दारांतून न वाकता आत येणारं त्याच्या आणि शेळ्यांच्या खेरीज दुसरं कुणी नव्हतं.

तात्पर्य: दुसऱ्यासाठी बांधताना माप दुसऱ्याचंच घ्यावं, आणि ते चुकलं तर आवाज चढवण्याआधी चौकट चढवावी.