सिंहासनामागची खिडकी

चांदवलीच्या महाराजांनी नव्या दरबारात सिंहासनामागे, थेट पश्चिमेला, भलीमोठी खिडकी काढायला लावली. "उत्तरेला काढू, उजेड शांत येईल," असं वास्तुकार येसाजीनं परोपरीनं विनवलं, पण ऐकतो कोण! पहिल्याच दरबारात उन्हं कलली आणि सगळी मंडळी डोळ्यांवर हात धरून बसली.

महाराज मिशांवर ताव देत म्हणाले, "पाहिलंस? आमच्या तेजापुढे कुणाचा डोळा ठरत नाही! पुन्हा उत्तरेच्या खिडकीचं नाव काढलंस, तर हद्दपार करू."

येसाजीनं मनातला राग गिळून मुजरा केला. "नाही काढणार. फक्त सिंहासन इथून कसं झळाळतं, ते एकदा पाहावं."

महाराज खुशीत खाली उतरले, वळले आणि त्यांनीही डोळे गच्च मिटले.

येसाजी अदबीनं म्हणाला, "महाराज, आपलं तेज सिंहासनावरच विसरून आलात वाटतं!"