सरदारांचे गुडघे आणि कोंडाजीचा व्यायाम

सरदार हैबतरावांचे गुडघे इतके दुखत, की माजघरातून ओसरीवर यायलाही त्यांना भोई लागत. लेप झाले, काढे झाले, तरी गुण येईना; तेव्हा त्यांनी वैद्यीण यमुनाक्कांना बोलावलं.

अक्का म्हणाल्या, “आता औषध पुरे. गरम पाण्याने शेका, बसल्या जागी पाय उचला आणि रोज थोडं चाला.”

“सरदाराने पाय उचलायचे?” हैबतराव गरजले. “माझी सगळी कामं हा हुजऱ्या कोंडाजी करतो. हेही तोच करील. पण पुनवेपर्यंत गुण आला नाही, तर तुम्ही गाव सोडायचं!”

“जशी आज्ञा,” अक्का म्हणाल्या.

कोंडाजी बिचारा सकाळभर पाय उचलत राहिला. दुपारी सरदारांपुढे पुरणपोळीचं ताट आलं. अक्कांनी ते सरळ उचललं आणि कोंडाजीपुढे ठेवलं.

“हे काय चाललंय?” सरदार ओरडले.

“सरकार, त्याने पाय उचलले की तुमचे गुडघे मोकळे होतात ना? मग त्याने घास उचलला की तुमचं पोटही भरेल!”

हैबतराव ताटाकडे बघून खो खो हसत सुटले. “कोंडाजी, जेव तू. अक्का, शेकायला पाणी तापवा!”

पुनवेला हैबतराव स्वतः चालत अक्कांच्या दारी साडीचोळी घेऊन गेले. गुडघे अजून थोडे कुरकुरत होते; सरदार मात्र नाही.