यमुनाक्काच्या पोटातली ठकठक

मोटारी माणसांहून जास्त बडबडायच्या, त्या काळातली गोष्ट. यमुनाक्का नावाच्या म्हाताऱ्या गाडीच्या इंजिनात ठकठक सुरू झाली. "दुखणं सापडलं नाही तर भंगारात घालतो," मालक म्हणाला. दस्तगीर मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याचं टोक इंजिनला अन् मूठ कानाला लावून ते ऐकत.

स्क्रू ड्रायव्हर भारी आगाऊ. तो पंपाला टेकला. पंप म्हणाला, "मी नाही बाबा, पिस्टन आदळतोय." पिस्टन म्हणाला, "आमच्या घराण्यात असलं काही नाही. पंपालाच विचार."

स्क्रू ड्रायव्हरला खोडी सुचली. "ज्याची ठकठक, त्याला ताजं ऑइल. बाकीच्यांना कोरडं फडकं."

लगेच सगळेच ठोकायला लागले. "माझीच रे ती," पंप म्हणाला. "खोटारडा, माझी आहे," पिस्टन ओरडला. गप्प होतं फक्त तळाचं म्हातारं बेअरिंग, श्वास रोखून बसलेलं.

स्क्रू ड्रायव्हरनं त्याला टेकून विचारलं, "आजोबा, ऑइल नको?"

"घसा सुकलाय रे. पण माझ्यापर्यंत यायला या सगळ्या पोरांना उघडावं लागेल. उगाच त्रास."

"मग भंगारात गेल्यावर काय सगळ्यांना पंगतीला बसवणार आहेत?"

म्हाताऱ्याला हसू फुटलं, श्वास सुटला, अन् ठक झालं. मिस्त्रींनी नेमकं ऐकलं.

इंजिन उघडलं, ऑइलची तुंबलेली वाट साफ झाली. यमुनाक्का पुन्हा रस्त्याला लागली. पिस्टन मात्र प्रत्येक चढावर खाली वाकून म्हणायचा, "आजोबा, काहीतरी बोला. तुम्ही गप्प असलात की भीती वाटते."