सशिणीच्या दारातली फांदी

एका अफाट माळावर एक ससा, एक सशीण आणि त्यांची चार पिल्लं राहत असत. माळाच्या उत्तरेला देवदारांचं जंगल, तिथे अस्वलाचं राज्य. पूर्वेला बांबूचं बन, तिथे वाघाचं. पश्चिमेला लांडग्यांच्या टोळ्या. मधल्या माळाला मात्र धनी कोणी नाही. म्हणून तिथल्या लहान जिवांची एक रीत पडली होती, बरं का बाळांनो. ज्याचा जोर दिसेल त्याच्या रानातली फांदी आपल्या बिळाच्या दारात खोचायची. देवदार खोचला की आपण अस्वलाचे, बांबू खोचला की वाघाचे. पण जोर पालटला की दुसरा यायचा आणि बीळ तुडवून जायचा. सशिणीची किती बिळं अशी मातीत गेली होती! आता तर हिवाळा तोंडावर आलेला, पिल्लांच्या अंगावर धड लव नाही, आणि बर्फ पडल्यावर नवं बीळ खणायचं कसं?

एक दिवस बातमी आली की अस्वल आणि वाघ यांची गाढ मैत्री झाली. सशाला कोण आनंद! त्यानं दारात एका बाजूला देवदार खोचला, दुसऱ्या बाजूला बांबू, आणि मिशा पुसत म्हणाला, "झालं! आता दोन्ही राजे आपले."

"दोन्ही घरचा पाहुणा उपाशी असतो, धनी," सशीण म्हणाली.

"तुला मेलीला चांगलं काही दिसतच नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्वलाचा कावळा आला. "महाराज विचारतात, देवदाराशेजारी हे गवत कसलं खोचलंय? अमावस्येला आम्ही येऊ, तोवर ते काढा. नाहीतर बीळ गेलं समजा." संध्याकाळी वाघाचं माकड आलं. त्याचाही निरोप तोच, फक्त काढायचा होता देवदार. सशाची बोबडीच वळली. सशीण मात्र विचारात पडली. जिवाभावाचे मित्र ना हे? मग एकाची फांदी दुसऱ्याच्या डोळ्यात का खुपावी? हा किडा काही तिच्या डोक्यातून जाईना.

तळ्याकाठी एक म्हातारा करकोचा राहत असे. उभी हयात त्यानं या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत राजांचे निरोप पोचवले होते. आता पंख थकले, म्हणून एका पायावर उभा राहून पाण्याकडे बघत असायचा. सशीण त्याच्याकडे गेली.

"करकोचेबाबा, त्यांची मैत्री खरी की खोटी?"

"खरी आहे गं," करकोचा म्हणाला. "पण ती लांडग्यांनी जुळवलेली. लांडगे माजले की अस्वल आणि वाघ एका पंगतीला बसतात. लांडगे जरा थंडावले की तेच दोघे एकमेकांचं पान न्याहाळतात. त्यांचे गोड निरोप मी जन्मभर वाहिले, पोरी. गोडी तीच असते, उभं राहण्याची तऱ्हा तेवढी बदलते. तू कान झाक आणि डोळे उघड. आज ते इथे पाणी प्यायला येतील."

सशीण गवतात दबा धरून बसली. अस्वल आणि वाघ आले, खांद्याला खांदा लावून, हसत. पाण्यापाशी अस्वल म्हणालं, "आधी तुम्ही प्या, वाघोबा."

"छे छे, मान तुमचा!"

"तुम्ही पाहुणे."

"तुम्ही वडीलधारे."

पण मान खाली घालायला कोणीच तयार नाही! मान खाली गेली की मानगूट उघडी पडते ना. सूर्य डोक्यावर आला, दोघांच्या जिभा बाहेर लोंबल्या, तरी एक थेंब पोटात नाही. शेवटी पुन्हा गळाभेट घेऊन दोघं तहानलेलेच परतले. सशीण तोंडावर पंजा दाबून हसली, आणि हसता हसता तिला उमगलं. अरे, यांना आपलं बीळ नकोच आहे! दुसरा तिथवर येऊ नये, एवढीच यांची धडपड.

घरी येताच तिनं दोन्ही फांद्या उपटल्या. ससा ओरडला, "अगं, घर बुडवतेस का?" तिनं माळावरची हरळी तोडली आणि तिचा झुपका दारात खोचला.

अमावस्येच्या दिवशी दोन्ही राजे आले. अस्वल गुरगुरलं, "माझी फांदी कुठे?"

सशीण पिल्लांना पाठीशी घेऊन पुढे झाली. "काढली, महाराज. वाघोबांचीही काढली. इथून पुढे या दारात माळाची हरळीच राहील. माझा जीव असेतो इथे त्यांचा बांबू लागणार नाही. आणि वाघोबा, तुम्हालाही सांगते, देवदारही लागणार नाही. हे बीळ कोणी तुडवलं, तर त्यानं माळावर पाय रोवला असं दुसरा समजेल."

अस्वलानं वाघाकडे पाहिलं, वाघानं अस्वलाकडे. बांबू नाही ना, मग बरंय, असं एकाच्या मनात. देवदार नाही ना, मग चालेल, असं दुसऱ्याच्या. "असू दे हरळी," दोघं एकदमच म्हणाले, आणि एकमेकांकडे पाठ न करता, मागे मागे सरकत आपापल्या रानात गेले.

तेव्हापासून दोघंही त्या बिळाची राखण करू लागले, दुसऱ्यानं तिथे पाय ठेवू नये म्हणून! सगळ्या माळानं हरळी खोचली. बर्फ पडलं आणि वितळलं. त्या वसंतात सशिणीची चारही पिल्लं, गुबगुबीत होऊन, ज्या बिळात जन्मली त्याच बिळातून उड्या मारत बाहेर आली.

तात्पर्य : थोरांच्या गळाभेटीला भुलू नये आणि गुरगुरण्याला भिऊ नये, त्यांना एकमेकांची धास्ती कसली ते ओळखावं, आणि आपला उंबरा आपलाच राखावा.