सुई नको म्हणणारी ढेप

आपल्या आज्यांच्या आज्याही जन्मल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. फिनलंडमधल्या एका ओलसर तळघरात चीजच्या पांढऱ्या ढेपा मांडल्या होत्या. दुधातच कालवलेली निळी बुरशी प्रत्येकीच्या पोटात निजली होती.

चीज बनवणाऱ्या हेल्वीमावशी लांब सुई घेऊन एकेका ढेपेला भोकं पाडू लागल्या. कोपऱ्यातली ढेप ओरडली, "मावशी, मला नको! माझं अंग बघा किती गुळगुळीत आहे."

"अगं वेडे, भोकांतून हवा आत गेली तरच बुरशी जगेल. तिच्यावाचून तुला चव कुठली?"

"नसू दे!"

"बरं बाई, तुझी मर्जी."

शेजारणींच्या अंगात निळ्या शिरा पसरल्या. गुळगुळीत ढेपेला मात्र आतून हाक ऐकू येऊ लागली.

"दार उघड गं. जीव गुदमरतोय."

"कोण तू?"

"तुझी चव."

ढेपेने घाबरून अंग आणखीच आवळून घेतलं. हाक बारीक होत गेली आणि एके दिवशी थांबली. ती शांतता ढेपेला सोसेना.

"मावशी, सुई आणा हो!"

मावशींनी भोकं पाडली. गार हवा आत शिरली.

"ये ना गं," ढेप आत वाकून म्हणाली.

आतून फक्त ढेपेचाच आवाज घुमून परत आला.