टिटवी पडली तेव्हा

गाड्यांना वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. उस्मानचाचांच्या जुन्या गाड्यांच्या आवारात टिटवी नावाची हडकुळी मोटारसायकल होती. उंच पाय, खडबडीत टायर, स्वभाव मात्र भित्रा. रविवारपर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही, तर चाचा तिचे सुटे भाग करून विकणार होते.

शेजारचा गजराजही मोटारसायकलच, पण मोठ्या इंजिनाचा. "अगं, डोंगराला ताकद लागते," तो हसायचा. "तू तर वाऱ्यानेही पडशील!"

रविवारी यमुना आली. ती गुरांची डॉक्टर. डोंगरातल्या पाड्यांवर तिला एकटीनं जायचं होतं. दोघांकडे बघून ती म्हणाली, "चाचा, आधी दोन्ही आडव्या पाडून बघते."

"बेटी, घ्यायला आलीस की पाडायला?"

टिटवीनं ते ऐकलं. चारचौघांत पडायचं? मग संपलंच की सगळं!

गजराज आडवा झाला तो झालाच. यमुनेनं दोनदा जोर लावला, शेवटी चाचाच धावले. "पायवाटेवर मी चाचा कुठून आणू?" ती धापा टाकत म्हणाली.

टिटवीची पाळी आली. मातीत टेकताना तिनं घाबरून दिवा मिटून घेतला. यमुनेनं तिला पाठ लावली, पाय रोवले आणि एका दमात उभी केली.

"हीच द्या."

संध्याकाळी पाड्याच्या चढावर टिटवी खरंच घसरून पडली. यमुना हसत उठली आणि तिच्याकडे वळली. या वेळी टिटवीचा दिवा लागलेलाच होता.